मुंबई हायला जाणाऱ्या जहाजाचं भाडं कशावर ठरतं?

मागच्या अंकात न्हाव्याहून मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राला रसद नेणाऱ्या जहाजांवर एक छोटं टिपण छापलं होतं. एकाच लांबीच्या दोन जहाजांना दिवसाला वेगवेगळं भाडं मिळतं, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर उरणपासून मालवणपर्यंतची पत्रं आली. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांत भाड्याचे, खर्चाचे आणि डिझेलचे रुपयांतले आकडे हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. आजचा बाजारभाव म्हणून ते वाचू नयेत.

प्रश्न (गुहागर): माझा मुलगा अशा जहाजावर खलाशी आहे. तो म्हणतो, आमच्या जहाजाला डीपी-टू (डायनॅमिक पोझिशनिंग, म्हणजे जहाज जागेवर धरणारी यंत्रणा) आहे म्हणून भाडं जास्त. बाजूच्याच जहाजाचं इंजिन त्याहून मोठं, तरी भाडं कमी. असं का?

मुलगा म्हणतो ते बरोबर आहे, पण ते मुंबई हायपुरतं. जहाज कुठल्या पाण्यात राबणार, ते आधी बघावं लागतं.

मुंबई हायचं तेल 1974 मध्ये 'सागर सम्राट' या तेलविहीर खोदणाऱ्या रिगने शोधलं. हे क्षेत्र मुंबईपासून साधारण 160 किलोमीटरवर आहे आणि पाणी जेमतेम 75 मीटर खोल. एवढ्या पाण्यात जॅक-अप रिग चालतात. त्या आपले पाय समुद्राच्या तळावर रोवून उभ्या राहतात. अशा रिगला ओढायला टग लागतात ते जागा बदलताना, तेही दोन-तीन. एरवी महिनोन्‌महिने तिला हवं असतं पाणी, डिझेल, सिमेंट, चिखल म्हणजे ड्रिलिंग मड, पाइप आणि माणसांचं जेवणखाण. हे सगळं नेणारं जहाज रिगला किंवा तेलाच्या प्लॅटफॉर्मला दोर न बांधता, नांगर न टाकता, क्रेनच्या टप्प्यात तासन्‌तास उभं राहायला हवं. डीपीचं काम हेच. संगणक उपग्रह, लेसर आणि वाऱ्याचं माप घेतो आणि मागचे पंखे नि थ्रस्टर, म्हणजे जहाज आडवं ढकलणारे पंखे, फिरवून जहाज जागेवर धरतो.

डीपी-वनमध्ये एक यंत्र बंद पडलं तर जागा सुटू शकते. डीपी-टूमध्ये एखादा जनरेटर, थ्रस्टर किंवा स्विचबोर्ड गेला तरी जागा सुटता कामा नये. त्यासाठी जागा मोजणाऱ्या किमान तीन स्वतंत्र यंत्रणा लागतात. डीपी-थ्रीमध्ये एक अख्खा कप्पा आगीने किंवा पाण्याने गेला तरी जहाज तिथेच उभं राहिलं पाहिजे. भाड्याने घेणारा डीपी-टूला जास्त मोजतो, कारण तेलाचा प्लॅटफॉर्म आणि जहाजाचा मागचा भाग यांच्यात कधीकधी दहा-पंधरा मीटरच अंतर असतं.

बाजूच्या जहाजाचं मोठं इंजिन इथे पाहुण्यासारखं बसून खातं. तेच जहाज खोल पाण्यात, नांगरांवर तरंगणाऱ्या रिगच्या कामाला गेलं तर त्याच इंजिनाला भाव येतो. तिथे 15 टनांचा नांगर आणि शेकडो मीटर साखळी उचलून दूर नेऊन टाकायची असते. तेव्हा बोलार्ड पुल (ओढीची ताकद) आणि विंच (दोर गुंडाळणारं यंत्र) हेच विकलं जातं.

आणखी एक. आपल्याकडे बहुतेक कामं टेंडरने जातात. टेंडरमध्ये किमान अटी लिहिलेल्या असतात: इतका डेक, इतकी ओढ, अमुक वर्गाचा डीपी, इतक्या खाटा. अटी पुऱ्या झाल्या की कमी दर सांगणाऱ्याला काम. अट 60 टन ओढीची असेल तर 80 टनांच्या मालकाला त्या वरच्या 20 टनांचे पैसे कोणी देत नाही. जास्त ताकदीचा फायदा एवढाच की त्याला जास्त टेंडरांत बोली लावता येते आणि जहाज रिकामं राहण्याचे दिवस कमी होतात.

प्रश्न (अलिबाग): जलद जहाज जास्त फेऱ्या मारणार, मग त्याला जास्त भाडं मिळायला नको का?

रेवस-मांडव्याच्या लाँचला हे लागू पडेल. मुंबई हायच्या रसदीला फारसं नाही. अंतर धरा 86 सागरी मैल. 10 नॉटने, म्हणजे तासाला 10 सागरी मैलांनी, जायला साधारण 8 तास 40 मिनिटं लागतात, 14 नॉटने सव्वासहा तासांच्या आत. वाचले अडीच तास. पण तेवढंच अंतर कापायला लागणारं तेल ढोबळमानाने वेगाच्या वर्गाने वाढतं. 14 ला 10 ने भागून वर्ग केला की येतो 1.96. म्हणजे अडीच तासांसाठी जवळजवळ दुप्पट डिझेल. वर धक्का मोकळा नसला तर बंदरात येऊन नांगर टाकून बसायचं, ते वेगळंच.

जहाज खरा वेळ खातं ते माल उतरवताना. मालक कौतुकाने सांगतो, माझा पंप तासाला 150 घनमीटर पाणी फेकतो. 400 घनमीटर पाणी त्या पंपाने पावणेतीन तासांत जातं, 100 च्या पंपाने चार तासांत. पण प्लॅटफॉर्मकडची नळी 4 इंची असेल आणि वर उंची बरीच असेल, तर मोठा पंपही नळी देईल तेवढंच पाणी देतो. म्हणून पंपाची क्षमता वाचताना ती किती दाबाला आहे ते वाचावं. सिमेंटचं वेगळं. ते दाबाच्या हवेने टाकीतून ढकलतात आणि हवेत ओल असली की वाटेतच गोळे होऊन नळी तुंबते. जहाजावर हवा कोरडी करणारं यंत्र नीट चालतं का, हे डेकच्या लांबीइतकंच बघण्यासारखं आहे. जड मड टाकीत हलवत ठेवला नाही तर त्यातला बाराइट, म्हणजे मड जड करणारी भुकटी, तळाशी बसतो. मग टाकी साफ करायला माणसं उतरवावी लागतात आणि एक-दोन दिवस तिथेच जातात.

वेगाला पैसे मिळतात ते फक्त माणसं ने-आण करणाऱ्या क्रू-बोटींना.

प्रश्न (दापोली): सर्वांत कमी दर सांगणाऱ्यालाच काम मिळतं ना? मग जुनं, स्वस्त जहाज घेतलेलं बरं.

सागरी तेलक्षेत्रातल्या टाइम चार्टरमध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकरारात, जहाज, माणसं, विमा आणि दुरुस्ती मालकाची, डिझेल भाड्याने घेणाऱ्याचं. म्हणून शहाणा भाडेकरू फक्त दर बघत नाही. काही टेंडरांत तर दरात डिझेलचा खर्च मिळवूनच तुलना होते.

दोन जहाजं घ्या. एक डिझेल-इलेक्ट्रिक, म्हणजे डिझेल जनरेटरच्या विजेवर पंखे फिरवणारं, सरासरी रोज 6,000 लिटर पिणारं. दुसरं जुनं, दोन मोठी इंजिनं सतत चालवावी लागणारं, रोज 8,000 लिटर. डिझेल 80 रुपये लिटर धरलं तर रोजचा फरक 1,60,000 रुपये, वर्षाला 5 कोटी 84 लाख. म्हणजे पहिल्याने दिवसाला दीड लाख जास्त सांगितले तरी भाडेकरूला ते स्वस्त पडतं. जागेवर उभं राहताना हा फरक आणखी वाढतो. डिझेल-इलेक्ट्रिकमध्ये शांत दर्यात दोन जनरेटर चालवले की भागतं. जुन्यात मोठी इंजिनं कमी भारावर काजळी धरत फिरत राहतात.

करारात बहुतेक वेळा डिझेलची कमाल मर्यादा लिहून घेतात. त्यावर गेलं तर ते मालकाच्या बिलातून कापतात. म्हणून बोली लावताना कागदावर खप कमी दाखवायचा मोह आवरावा. जहाजाचा तळ शिंपल्या-शेवाळाने भरला की तोच कागद उलटतो, आणि मुंबई हायच्या कोमट पाण्यात महिनोन्‌महिने उभ्या जहाजाचा तळ लवकर भरतो.

प्रश्न (रत्नागिरी): मी जहाजबांधणीचा विद्यार्थी आहे. प्रकल्पासाठी साठेक करारांचा तक्ता केला. डीपी-टू जहाजांचं सरासरी भाडं डीपी-वनपेक्षा बरंच जास्त आलं. 'डीपी-टूमुळे एवढं भाडं वाढतं' असं लिहू का?

नका लिहू. तुमच्या तक्त्यात डीपी-टू असलेली जहाजं बहुधा नवी असतील, त्यांचा डेक मोठा असेल, खाटाही जास्त असतील. सरासरी काढली की या सगळ्यांचं श्रेय एकट्या डीपीच्या खात्यात जातं. तक्ता पुन्हा असा मांडा.

आधी टग-पुरवठा जहाजं (रसद नेणारी नि ओढकामही करणारी) आणि नुसती पुरवठा जहाजं वेगळी करा. पहिल्यांत इंजिनाची ताकद बोलते, दुसऱ्यांत डेकचं क्षेत्रफळ आणि टाक्या. एकत्र ठेवलीत तर दोन्ही परिणाम एकमेकांत विरघळतात. बीएचपी (इंजिनाची अश्वशक्ती) आणि बोलार्ड पुल दोन्ही भाड्याच्या एकाच समीकरणात (रिग्रेशनमध्ये) घालू नका. ते जवळजवळ एकच माप आहे, त्यामुळे दोघांचेही गुणक विचित्र येतील.

भाड्याचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या. मग डीपी-टूचा गुणक 0.18 आला तर अर्थ असा की बाकी सगळं सारखं असताना भाडं सुमारे 20 टक्के जास्त, कारण ई चा 0.18 वा घात 1.197 येतो. वय सरळ रेषेत घालू नका. पाच आणि सात वर्षांत भाडेकरू फार फरक करत नाही. टेंडरमध्ये वयाची अट असली की मात्र ती रेघ ओलांडणारं जहाज एकदम बाहेर पडतं. वयाचे गट करा.

तारीख लिहिताना जहाज कामाला लागलं ती नको, करार झाला ती घ्या. दोन्हींत कित्येक महिन्यांचं अंतर असतं आणि भाव ठरला त्या दिवशीचा बाजार महत्त्वाचा. तेलाचा भावही त्या दिवसाचा न घेता तीन ते सहा महिने आधीचा घेऊन बघा. तेल कंपन्या भाव बघून खर्च ठरवतात, मग रिग येतात, मग जहाजं. कराराची मुदतही घाला. तीन वर्षांच्या कराराचा दर आणि महिनाभराच्या कामाचा दर एका रांगेत ठेवता येत नाहीत.

साठ ओळींवर पाच-सहा चलांपेक्षा, म्हणजे भाडं बदलणाऱ्या गोष्टींपेक्षा, जास्त भार टाकू नका.

सर्वांत मोठी फसगत तक्त्याबाहेर आहे. 2014 च्या मध्यावर ब्रेंट तेल पिंपाला 100 डॉलरवर होतं, जानेवारी 2016 मध्ये 30 च्या खाली गेलं. त्या काळात जगभर पुरवठा जहाजं काम नाही म्हणून शेकड्यांनी नुसती उभी करून ठेवली गेली. अशा उभ्या जहाजाला भाडं नाही, म्हणून ते तक्त्यातही नाही. तक्त्यात राहतात ती मंदीतही काम मिळालेली, म्हणजे बरीचशी चांगली जहाजं. त्यामुळे वाईट वर्षांचे दर प्रत्यक्षापेक्षा बरे दिसतात. शक्य असेल तर दुसरा तक्ता करा: त्या महिन्यात जहाजाला काम होतं की नव्हतं. डीपी-टूचा परिणाम तिथेही दिसण्याची शक्यता बरीच आहे.

प्रश्न (उरण): आम्ही तिघं भागीदार 60 टन ओढीचं, 14 वर्षं जुनं टग-पुरवठा जहाज घ्यायचा विचार करतोय. रंगरंगोटी छान आहे. काय बघावं?

रंग सोडून सगळं.

ओढीचं प्रमाणपत्र हातात घ्या. त्यावर दोन आकडे असू शकतात. एक काही सेकंदांचा, तो मोठा दिसतो. दुसरा सलग 10 मिनिटांच्या सरासरीचा, तो खरा. चाचणीच्या जागी पाणी किमान 20 मीटर खोल होतं का, दोर पुरेसा लांब होता का, वारा नि प्रवाह किती होता, हे त्यातच लिहिलेलं असतं. उथळ पाण्यात, धक्क्याजवळ घेतलेल्या चाचणीवर विसंबू नका. ढोबळ ताळा असा: नोझलमधला, म्हणजे भोवती कडं असलेला पंखा असेल तर दर 100 बीएचपीला सव्वा टनाच्या आसपास ओढ. 5,000 बीएचपीला 60-65 टन बसतात. कोणी 75 सांगत असेल तर पुन्हा चाचणी मागा. चाचणीच्या वेळी मुख्य इंजिनावर चालणारा जनरेटर सोडवून ठेवला नव्हता ना, तेही विचारा. पुढे वापरात तो जोडलेलाच असणार आहे. पंख्याचं टोक आणि नोझल यांतली फट वाढली, पातं वाकलं किंवा टर्बोचार्जर काजळला की ओढ घसरते आणि ती कागदावर दिसत नाही.

मागच्या डेकवर लाकडी फळ्या असतील तर चार ठिकाणी उचकटून खालचा पत्रा मोजायला लावा. खारं पाणी फळ्यांखाली कुजत बसतं आणि वरून काहीच कळत नाही. मागचा रोलर हाताने फिरतो का? ग्रीसअभावी तो धरला असेल तर वायर त्यावरून घासत जाते आणि लवकर कापली जाते. विंचचा ब्रेक, शार्क-जॉ आणि टो-पिन (साखळी नि दोर धरून ठेवणारे डेकवरचे चिमटे नि खुंट) चालवून बघा, हायड्रॉलिक गळती तिथेच दिसते. थ्रस्टरचं तेल बाटलीत काढा. दुधासारखं पांढुरकं असेल तर आत पाणी शिरलंय, म्हणजे सील गेलंय. आपल्या किनाऱ्यावर याचं नेहमीचं कारण म्हणजे तुटून वाहत आलेलं नायलॉनचं जाळं. ते शाफ्टभोवती गुंडाळतं आणि सील कापतं.

डीपी असेल तर बिघाड-विश्लेषणाचा अहवाल आणि शेवटच्या वार्षिक चाचणीचा कागद मागा. डीपी-टू लिहिलेलं असूनही दोन्ही बाजूंच्या जनरेटरना एकाच टाकीतून तेल जात असेल, तर त्या टाकीत पाणी शिरताच दोन्ही बाजू एकदम बसतात.

आता वय. दर पाच वर्षांनी मोठी तपासणी, आणि त्या पाच वर्षांत जहाजाचा तळ दोनदा बघायचा असतो. 14 वर्षांचं जहाज म्हणजे 15 वर्षांची तपासणी दारात उभी. पत्रा बदलण्याचा, गोदीचा खर्च आणि तेवढे दिवस भाडं बुडणार, हे किमतीतून वजा करूनच बोला. शिवाय टेंडरची वयाची अट करार सुरू होताना लागू आहे की संपताना, ते बघा. तीन वर्षं आणि वर दोन वर्षांची मुभा असलेल्या करारात तुमचं जहाज शेवटी 19 वर्षांचं होईल.

आणि हा हिशेब तिघांनी मिळून करा. दर दिवसाला 7 लाख, जहाज चालवण्याचा खर्च दिवसाला साडेचार लाख. वर्षभर सगळे दिवस भाडं मिळालं तर उरतात 9 कोटी 12 लाख. दहापैकी एक दिवस जहाज बंद, म्हणजे ऑफ-हायर राहिलं तर उरतात 6 कोटी 57 लाख. दिवस 10 टक्के कमी झाले, पण शिल्लक 28 टक्के घटली, कारण खर्च बंद दिवशीही चालूच असतो. कर्जाचा हप्ता यात धरलेलाच नाही. म्हणून आम्ही म्हणू, 50 हजार कमी दराचं पण कधी बंद न पडलेलं जहाज घ्या. मागच्या दोन वर्षांच्या लॉगबुकातले ऑफ-हायरचे दिवस मोजून मगच सही करा.

भारतीय झेंड्याखाली नोंदवायचं की नाही, हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण तो येणारच. परदेशी जहाजाने कमी दर सांगितला तर तोच दर स्वीकारून काम घेण्याची पहिली संधी भारतीय जहाजाला मिळते. मुंबई हायला काम करणाऱ्याला ही संधी एखाद्या थ्रस्टरपेक्षा मोलाची आहे.

प्रश्न (श्रीवर्धन): पावसाळ्यात भाडं थांबतं का?

टाइम चार्टरवर नाही. लाटांमुळे माल उतरवता आला नाही तरी जहाज ठाकठीक असेल तर भाडं चालू राहतं. तो धोका भाडेकरूचा. ठोक रकमेच्या कामात मात्र वाट बघण्याचे दिवस कंत्राटदाराच्या अंगावर येतात. पाइपलाइन आणि बांधकामाची कामं पावसाळ्यात आवरती घेतात, म्हणून त्या कामांची जहाजं तेव्हा मोकळी होतात आणि गोदीसाठी सगळ्यांची एकदमच रांग लागते. गोदीची तारीख आधीच ठरवून ठेवलेली बरी.

या दिवसांत जहाज कुठल्या बाजूने जवळ जातं यावर सगळं असतं. बंद पडलं तर वाऱ्याने प्लॅटफॉर्मपासून दूर वाहत जाईल अशी बाजू धरायची. धक्क्याला होडी लावताना तांडेल हेच बघतो. 27 जुलै 2005 ला 'समुद्र सुरक्षा' हे जहाज एका जखमी माणसाला प्लॅटफॉर्मवर चढवण्यासाठी वाऱ्याच्या वरच्या बाजूने मुंबई हाय नॉर्थजवळ गेलं. त्याच्या थ्रस्टरमध्ये बिघाड होता. ते गॅसच्या उभ्या पाइपांवर आदळलं, आग लागली आणि 22 माणसं गेली. अख्खा प्लॅटफॉर्म जळाला. मे 2021 च्या तौक्ते वादळात पी-305 हा माणसांनी भरलेला बार्ज नांगर तुटून वाहत गेला आणि बुडाला. टेंडरमध्ये डीपी, थ्रस्टर आणि आग विझवण्याच्या अटी कडक का, याचं उत्तर अशा घटनांत आहे. आग विझवण्याच्या ताकदीची पहिली श्रेणी, फाय-फाय-वन, म्हणजे तासाला 2,400 घनमीटर पाणी फेकण्याची क्षमता. ती नसलेलं जहाज कितीतरी यादीतून पहिल्याच पानावर बाद होतं.

प्रश्न (मालवण): माझा ट्रॉलर आहे. समुद्रात सर्वेक्षण करणाऱ्या जहाजाबरोबर राखणीला मासेमारीच्या बोटी घेतात असं ऐकलं. आम्हाला जमेल का?

जमतं. सर्वेक्षणाचं जहाज मागे किलोमीटरच्या किलोमीटर केबल ओढत असतं आणि त्यात जाळी अडकू नयेत म्हणून पुढे-बाजूला बोट ठेवतात. इथे बोटीची ओढ कोणी बघत नाही. बघतात ते बोट बंदरात न येता किती दिवस राहू शकते: डिझेलची नि गोड्या पाण्याची टाकी, खलाशांना झोपायला जागा, चालू व्हीएचएफ रेडिओ, एआयएस (बोटीची जागा इतरांना कळवणारं यंत्र), रडार, माणशी लाइफ जॅकेट आणि लाइफ राफ्ट. दुसरं इंजिन किंवा किमान सुटा पंखा नि पंप जवळ असेल तर बोलणी सोपी जातात. आपल्या भागातल्या तांडेलाला कुठे कोणाची जाळी असतात ते ठाऊक असतं, त्याचेही पैसे मागायला लाजू नका.

मासेमारीची नोंदणी नि विमा या कामाला पुरतो का, हे बंदर खात्याला आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारा. अपघात झाल्यावर 'बोट मासेमारीवर नव्हती' म्हणून दावा अडू शकतो. आणि करारात तीन गोष्टी आकड्यांत लिहून घ्या: दर दिवसाचा की 24 तासांचा, बंदरात थांबलेल्या दिवसाचं काय, आणि डिझेल कोणाचं. कामावर असताना प्लॅटफॉर्मभोवतीच्या 500 मीटरच्या वर्तुळात परवानगीशिवाय शिरू नका, रात्री जाळी ओढायची सवय असली तरी.